बाय की अंटिल, डाउट की सस्पेक्ट? मराठी माणसाच्या इंग्रजीतल्या खऱ्या गफलती

पानगळ

नमस्कार मंडळी,

गेली चौदा वर्षं मी मराठी लोकांनी इंग्रजीत लिहिलेला मजकूर तपासते आहे. अहवाल, अर्ज, पत्रं, प्रबंध, जे येईल ते. या कामात हळूहळू एक गोष्ट लक्षात आली, तीवर तुमच्याशी बोलायचं बरेच दिवस मनात होतं.

इंग्रजीत कोणत्या शब्दांची गल्लत होते याच्या याद्या इंटरनेटवर पैशाला पासरी आहेत. 'इट्स'मध्ये अपॉस्ट्रफी कधी द्यायची, 'देअर'चं कुठलं स्पेलिंग कधी, 'युअर' कुठे आणि 'यू आर' कुठे. या याद्या मुळात ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांच्यासाठी केलेल्या असतात. ती माणसं भाषा आधी कानाने शिकतात आणि लिहायला नंतर, म्हणून त्यांच्या चुकाही कानाच्या. आपल्यातले बहुतेक जण इंग्रजी डोळ्यांनी शिकतात, पुस्तकातून. माझ्यापुढे येणाऱ्या मजकुरात 'देअर'चं स्पेलिंग क्वचितच चुकलेलं असतं. चुकतं ते वेगळ्याच ठिकाणी. जिथे मराठीचं एका शब्दात भागतं आणि इंग्रजीला दोन लागतात, तिथे आपण हमखास अडखळतो. आणि या चुका त्या याद्यांमध्ये नसतातच, कारण इंग्रज माणसाच्या त्या कधी होत नाहीत.

मला सगळ्यात महाग पडलेला शब्द सांगते: 'पर्यंत'.

'शुक्रवारपर्यंत पाठवा' आणि 'शुक्रवारपर्यंत थांबा' ही दोन वाक्यं आपल्याला सारखीच वाटतात. इंग्रजीत पहिल्याला 'बाय' लागतं, दुसऱ्याला 'अंटिल' किंवा 'टिल'. एका मोठ्या अहवालाच्या वेळी सहा जणांना जायचा मजकूर माझ्या हातून गेला आणि त्यातलं 'सेंड युअर करेक्शन्स अंटिल फ्रायडे' माझ्या नजरेतून निसटलं. आम्हाला हवी होती शुक्रवारच्या आत एकेक अंतिम यादी. वाचणाऱ्यांनी लिहिलं होतं तोच अर्थ घेतला: शुक्रवार येईपर्यंत पाठवत राहा. सोमवारपासून रोज नव्या दुरुस्त्या येत राहिल्या, एकीत दुसरी मिसळली आणि शेवटी कुठली ग्राह्य धरायची हेच कळेना. त्यात पूर्ण आठवडा गेला.

'बाय' म्हणजे मुदत. काम एकदाच व्हायचं आहे, त्या क्षणाच्या आधी कधीही. 'अंटिल' म्हणजे चालू राहणारी स्थिती, त्या क्षणाला संपणारी. ओळखायची सोपी रीत: मराठी वाक्यात 'पर्यंत' काढून 'उशिरात उशिरा' घालून बघा. 'उशिरात उशिरा शुक्रवारी पाठवा' हे जमतं, म्हणून बाय. 'उशिरात उशिरा शुक्रवारी थांबा' याला काही अर्थ नाही, म्हणून अंटिल. आणि अंतर सांगायचं असेल तर यातलं एकही नको. 'नदीपर्यंत चालत गेलो' इथे 'ॲज फार ॲज द रिव्हर' म्हणायचं. अंटिल फक्त काळासाठी.

तुम्हाला सापडलेल्या अशा जोड्या इथे लिहा. नुसती जोडी नको. कुठे अडलात आणि कशाने सुटलात तेही लिहा.

कोरा कागद

फार दिवसांनी मनासारखा धागा आला. 'पर्यंत'चं सख्खं भावंड म्हणजे 'पासून'. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' हे वाक्य मी स्वतः मुलाखतीत बोललो आहे आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललेलं पाहिलं आहे. काय चुकलं ते कळायला पुढे वर्ष गेलं.

मला सापडलेली युक्ती मराठीतलीच आहे. वाक्यातून 'पासून' गाळून बघा. 'दोन वर्षांपासून काम करतोय' ऐवजी 'दोन वर्षं काम करतोय' म्हणता येतं, म्हणून तिथे 'फॉर'. '२०१९पासून काम करतोय' ऐवजी '२०१९ काम करतोय' म्हणता येत नाही, म्हणून तिथे 'सिन्स'. थोडक्यात, काळाची लांबी सांगायची तर फॉर आणि काळातला एक ठिपका सांगायचा तर सिन्स.

शिवाय त्या वाक्यात दुसरी चूकही आहे. आपल्याकडे 'करतोय' हा वर्तमानकाळ चालतो, इंग्रजीत तिथे 'हॅव बीन वर्किंग' लागतं. कारण काम मागे सुरू झालेलं आहे आणि इंग्रजी क्रियापदाला ते मागचं टोक दाखवावंच लागतं.

रफार

पानगळ, तुमच्या यादीत 'डाउट' पहिल्या पाचात घाला.

'मला संशय आहे की त्याने ती फाइल उघडली.' म्हणजे त्याने बहुधा उघडली आहे. आता हे वाक्य 'आय डाउट दॅट ही ओपन्ड द फाइल' असं लिहिलं तर अर्थ नेमका उलटा होतो: त्याने उघडली असेल असं मला वाटत नाही! आपल्याला हवा असतो तो शब्द 'सस्पेक्ट'. 'आय सस्पेक्ट' म्हणजे घडलं असावं. 'आय डाउट' म्हणजे घडलं नसावं. मराठीत 'संशय' आणि 'शंका' दोन्हीकडे झुकतात, वाक्यावरून आपण अर्थ लावतो. इंग्रजीत ती सोय नाही. एखाद्याविरुद्धची तक्रार लिहिताना या एका शब्दाने तक्रारीचं समर्थनपत्र होऊ शकतं, म्हणून मला ही गफलत सगळ्यांत गंभीर वाटते.

दुसरं, 'मला एक शंका आहे' याचं 'आय हॅव अ डाउट'. आपापसात ते चालतं, सगळ्यांना कळतं. पण ज्याला ही सवय माहीत नाही त्याला वाटतं, माझ्या म्हणण्यावर यांचा विश्वास नाही. तिथे साधं 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हणावं.

अवांतर: या शब्दात जो न उच्चारला जाणारा 'बी' आहे तो मध्ययुगीन इंग्रजीत लिहीतही नसत. शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात 'बी' नव्हता. लॅटिनमधल्या 'दुबितारे'शी नातं दाखवायचं म्हणून विद्वानांनी तो नंतर घातला.

गोगलगाय

मी या विषयातली जाणकार नाही, पण एक अनुभव लिहिते. दूरस्थ मीटिंगमध्ये माझा आवाज पोचतोय की नाही कळत नव्हतं, म्हणून मी विचारलं, 'आर यू लिसनिंग टू मी?' पलीकडे एकदम शांतता. मग एक बाई अवघडून म्हणाल्या, हो हो, आम्ही लक्ष देतोय. मी त्यांना दटावलं असं त्यांना वाटलं होतं. मला म्हणायचं होतं, 'कॅन यू हिअर मी?'

याचं मला फार वाईट वाटलं, कारण वयाने आणि अनुभवाने त्या माझ्याहून मोठ्या होत्या. पण 'ऐकणं' हा तर मराठीत एकच शब्द आहे ना?

पानगळ

गोगलगाय, इथेच तर गंमत आहे. मराठीत एक नाही, दोन आहेत. 'ऐकू येणं' आणि 'ऐकणं'. 'माझा आवाज ऐकू येतोय का?' आणि 'माझं ऐकताय ना?' यातला फरक तुम्हाला मराठीत कोणी सांगावा लागणार नाही. दुसरं वाक्य मराठीतही दटावल्यासारखंच लागतं. हिअर म्हणजे ऐकू येणं, लिसन म्हणजे ऐकणं. फरक आपल्याकडे आहे, तो हरवला शब्दकोशात, कारण शाळेत दोन्ही शब्दांपुढे 'ऐकणे' एवढंच लिहून घेतलेलं असतं.

'सी' आणि 'लुक'चंही तसंच. सी म्हणजे दिसणं, लुक ॲट म्हणजे बघणं. 'चष्म्याशिवाय मला फळा दिसत नाही' आणि 'फळ्याकडे बघ'. 'वॉच' म्हणजे जे हलतंय, घडतंय त्यावर नजर ठेवून बघत राहणं. म्हणून सामना वॉच करतात आणि चित्राकडे लुक ॲट करतात.

म्हणून माझं म्हणणं असं, की इंग्रजी जोडी अडली तर आधी मराठीकडे यावं. पुष्कळदा दुसरा शब्द आपल्या घरातच असतो.

दीपस्तंभ

पानगळताई, धागा उत्तम, पण तुमच्या मूळ मांडणीशी मी पूर्ण सहमत नाही. मी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. आपल्या मुलांच्या कानाच्या चुका होत नाहीत हे मला मान्य नाही. होतात, पण इंग्रज मुलांपेक्षा वेगळ्या. आपण इंग्रजी शब्द मनात देवनागरीत ऐकतो आणि देवनागरीत ऐकला की फरक पुसला जातो.

उदाहरण 'लूज'. आपण सैल कपड्यालाही 'लूज' म्हणतो आणि हरण्या-हरवण्यालाही 'लूज'. खरं तर सैल म्हणजे 'लूस', शेवटी 'स'. हरवणं म्हणजे 'लूझ'. स्पेलिंगमध्ये सैलाला दोन 'ओ', हरवण्याला एक. उच्चारच एक करून टाकल्यावर स्पेलिंग कशाच्या आधारावर लक्षात राहणार?

यामागे इंग्रजीतली एक जुनी लय आहे. नाम किंवा विशेषण असेल तर शेवट कठोर, क्रियापद असेल तर मृदू. 'ॲडव्हाइस' म्हणजे सल्ला, 'ॲडव्हाइझ' म्हणजे सल्ला देणं. 'यूस' म्हणजे उपयोग, 'यूझ' म्हणजे वापरणं. 'क्लोस' म्हणजे जवळचा, 'क्लोझ' म्हणजे बंद करणं. 'बिलीफ' आणि 'बिलीव्ह', 'प्रूफ' आणि 'प्रूव्ह' हीसुद्धा त्याच घरातली. लूस-लूझची जोडी वेगळ्या वाटेने आली असली तरी लयीत चपखल बसते. मी वर्गात हे शब्द जोडीजोडीने मोठ्याने म्हणवून घ्यायचो. महिन्याभरात 'प्लीज ॲडव्हाइस मी' लिहिणारं कोणी उरायचं नाही.

रफार

दीपस्तंभ सर, नियम फार आवडला. फक्त वाचणाऱ्यांसाठी एक सावधगिरी: 'प्रॅक्टिस' त्या लयीत बसत नाही. ब्रिटिश लेखनात नामाला 'सी' आणि क्रियापदाला 'एस' लिहितात, पण उच्चार दोन्हीचा एकच, शेवटी 'स'. 'लायसन्स'चंही तेच. अमेरिकन लेखनात ही कटकट नाही: प्रॅक्टिस दोन्ही अर्थी 'सी'ने आणि लायसन्स दोन्ही अर्थी 'एस'ने. ब्रिटिश पद्धतीने लिहायचं असेल तर ॲडव्हाइसवरून आठवावं, सल्ला 'सी'ने आणि सल्ला देणं 'एस'ने, तोच क्रम इथे.

दीपस्तंभ

बरोबर. ते राहून गेलं होतं, आभार.

मध्यरात्र

वाचतोय. 'स्टेशनरी'चं काहीतरी सांगा कोणीतरी. एक स्पेलिंग वह्या-पेनांचं आणि एक स्थिर उभ्या असलेल्या वस्तूचं, एवढं माहीत आहे, पण दर वेळी शब्दकोश उघडावा लागतो. आणि 'प्रिन्सिपल' तर अजिबातच जमत नाही.

दीपस्तंभ

मध्यरात्र, या दोन स्टेशनरी एकाच मुळाच्या आहेत, म्हणूनच इतक्या सारख्या दिसतात. मध्ययुगात युरोपात बहुतेक विक्रेते फिरते असत. पुस्तकं विकणारे मात्र, विशेषतः विद्यापीठांच्या आसपास, एका जागी ठाण मांडून बसत. अशा स्थिर विक्रेत्याला लॅटिनमध्ये 'स्टाशियोनारियुस' म्हणत, त्यावरून इंग्रजीत 'स्टेशनर' आला. स्टेशनर जे विकतो ती स्टेशनरी. बेकरच्या शेवटी 'ई-आर' आणि त्याची बेकरी, तसाच स्टेशनरच्या शेवटी 'ई-आर' आणि त्याची स्टेशनरी. म्हणून वह्या-पेनांच्या स्पेलिंगमध्ये 'ई'. स्थिर या अर्थाच्या शब्दात 'ए'.

प्रिन्सिपलसाठी मराठी पुरेशी आहे. शेवटी 'पी-ए-एल' असलेल्या शब्दाचा अर्थ कायम 'मुख्य'. प्राचार्य म्हणजे मुख्य माणूस, प्रमुख कारण म्हणजे मुख्य कारण, आणि कर्जातली मुद्दल म्हणजेसुद्धा व्याज सोडून मुख्य रक्कम. तीनही एकच शब्द. 'पी-एल-ई' म्हणजे तत्त्व, आणि त्याला तेवढा एकच प्रांत. वाक्यात 'मुख्य' घालून बघा. बसलं तर 'ए'.

मध्यरात्र

मुद्दलही त्यात येते हे माहीत नव्हतं! आता विसरणार नाही. वाचनखूण साठवली.

कोरा कागद

आणि 'अफेक्ट-इफेक्ट'? आमच्याकडे दर अहवालात यावरून वाद होतो.

रफार

नव्वद टक्के वेळा एवढ्याने भागतं: 'परिणाम' म्हणायचं असेल तर इफेक्ट, 'परिणाम करणं' म्हणायचं असेल तर अफेक्ट. लॅटिन मूळ एकच आहे, 'करणे' या अर्थाचं. 'अफेक्ट'च्या तोंडाशी 'कडे' या अर्थाचा उपसर्ग आहे आणि 'इफेक्ट'च्या तोंडाशी 'बाहेर' या अर्थाचा. कशाच्या तरी दिशेने जाऊन त्यावर काही करणं ते अफेक्ट, आणि केल्यानंतर जे बाहेर पडलं ते इफेक्ट.

उरलेल्या दहा टक्क्यांत एक महत्त्वाची जागा आहे. 'इफेक्ट' क्रियापद म्हणूनही येतं आणि तेव्हा त्याचा अर्थ 'घडवून आणणं'. 'इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवून आणणं. तिथे 'अफेक्ट' लिहिलं तर अर्थ होतो, आधीच चाललेल्या बदलावर परिणाम करणं. संगणकाची स्पेलिंग तपासणी यात काहीच मदत करत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत.

गोगलगाय

सर्वांचे मनापासून आभार. 'लाय' आणि 'ले' कोणी समजावेल का? 'द बुक इज लेइंग ऑन द टेबल' लिहिलं तर कुणीतरी लाल रेघ मारली, पण कारण नाही सांगितलं.

रफार

गोगलगाय, तुम्ही माझा सगळ्यांत आवडता प्रश्न विचारलात, म्हणून सविस्तर लिहितो.

मराठीत 'पडणं' आणि 'पाडणं' अशी जोडी आहे. झाड पडतं, लाकूडतोड्या झाड पाडतो. तसंच मरणं-मारणं, गळणं-गाळणं, चरणं-चारणं. आपोआप होणारी क्रिया एक आणि कोणीतरी घडवून आणलेली दुसरी. फरक फक्त आतल्या स्वरात. अगदी हीच व्यवस्था इंग्रजीत होती. तिचे आता मोजके अवशेष उरले आहेत, आणि आपण गोंधळतो ते बरेचदा त्या अवशेषांपाशीच.

लाय म्हणजे पडून असणं, आडवं असणं. ले म्हणजे आडवं ठेवणं. सिट म्हणजे बसणं, सेट म्हणजे बसवणं. राइझ म्हणजे वर येणं, रेझ म्हणजे वर उचलणं. फॉल म्हणजे पडणं, आणि 'एफ-ई-एल-एल' स्पेलिंगचं जे स्वतंत्र क्रियापद आहे ते म्हणजे पाडणं. झाडं तोडून पाडण्यासाठी ते आजही वापरात आहे. पिण्याचं 'ड्रिंक' आणि चिंब भिजवण्याचं 'ड्रेंच' हेसुद्धा मुळात असेच: पिणं आणि पाजणं!

हे साम्य योगायोगाचं नाही. संस्कृतात 'पतति' म्हणजे पडतो आणि 'पातयति' म्हणजे पाडतो. हा प्रयोजक, म्हणजे क्रिया घडवून आणल्याचं दाखवणारा, प्रत्यय संस्कृत आणि इंग्रजी या दोन्हींची पूर्वज असलेल्या मूळ इंडो-युरोपीय भाषेतला. जर्मन-इंग्रजीच्या शाखेतही तोच उतरला. दोन्हीकडे काळाच्या ओघात प्रत्यय झिजला आणि स्वरातला बदल तेवढा मागे राहिला. आपलं 'पडणं-पाडणं' आणि त्यांचं फॉल-फेल एकाच जुन्या सवयीतून आलेले आहेत. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मला इंग्रजी एकदम परकी वाटेनाशी झाली.

आता तुमचं वाक्य. पुस्तक स्वतः पडलेलं आहे, कोणी ठेवत नाहीये, म्हणून 'द बुक इज लाइंग ऑन द टेबल'. कोणी ठेवत असेल तर 'शी इज लेइंग द बुक ऑन द टेबल'. ले, सेट, रेझ यांना सहसा कर्म लागतं. 'काय?' असा प्रश्न विचारून उत्तर मिळालं पाहिजे. लाय, सिट, राइझ यांना ते नको. म्हणून किंमत वाढली तर राइझ आणि किंमत वाढवली तर रेझ.

खरा घात भूतकाळात होतो. लायचा भूतकाळ 'ले' आहे! 'काल तो दिवसभर पडून होता' म्हणजे 'ही ले इन बेड ऑल डे'. आणि लेचा भूतकाळ 'लेड'. रूपं अशी: पडून असण्याचं लाय, ले, लेन; ठेवण्याचं ले, लेड, लेड. खोटं बोलणं या अर्थाचा 'लाय' यांच्यापासून पूर्ण वेगळा, त्याचं साधं 'लाइड' होतं. आणि ही अडचण आपली एकट्याची नाही. लाय-लेमध्ये मातृभाषिकही सर्रास चुकतात.

पानगळ

रफार, हा प्रतिसाद मी छापून टेबलासमोर लावते आहे. चौदा वर्षं मी 'लाय' आणि 'ले' पाठांतरावर निभावून नेलं, पण 'पडणं-पाडणं' डोक्यात आलं नव्हतं.

दीपस्तंभ सर, तुमचा मुद्दा मान्य. कानाच्या चुका आपल्याही होतात. पण मला अजूनही वाटतं, की त्या चुका दिसतात तरी. 'लूझ'चं स्पेलिंग चुकलं तर वाचणाऱ्याला कळतं की हे चुकलंय आणि तो मनातल्या मनात सुधारून घेतो. 'बाय'च्या जागी 'अंटिल' पडलं किंवा 'सस्पेक्ट'च्या जागी 'डाउट', तर वाक्य व्याकरणात निर्दोष असतं. वाचणारा शंका घेत नाही, चुकीचा अर्थ घेऊन पुढे जातो.

दीपस्तंभ

हे पटलं. या दृष्टीने मी विचार केला नव्हता. मग त्यात 'अ फ्यू' आणि नुसतं 'फ्यू' हेही घ्या. 'अ फ्यू पीपल केम' म्हणजे चार माणसं आली, बरं झालं. 'फ्यू पीपल केम' म्हणजे फारसं कोणी आलं नाही. 'अ लिटल होप' म्हणजे थोडी आशा आहे, 'लिटल होप' म्हणजे आशा जवळजवळ नाही. त्या एवढ्याशा 'अ'वर आजारी माणसाच्या घरच्यांचा धीर अवलंबून असू शकतो. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून आपण ते सहज गाळतो.

मध्यरात्र

'लेस' आणि 'फ्यूअर'पण लिहा. मोजता येतं तिथे फ्यूअर, नाहीतर लेस, हा तर पक्का नियम आहे ना?

रफार

औपचारिक लेखनात पाळावा, पण वाटतो तितका तो पुरातन नाही. नवव्या शतकातल्या आल्फ्रेड राजाच्या लेखनातही मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी 'लेस' सापडतो. रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने १७७० साली आपली पसंती म्हणून 'फ्यूअर' सुचवला आणि पुढच्यांनी त्याचा नियम केला. शिवाय अंतर, पैसे आणि वेळ यांना आकडा असला तरी लेसच लागतो, कारण तिथे आपण नग मोजत नाही, एकूण माप बघतो. त्यामुळे यात कोणी चुकलं तर फार जीव जाळू नये. अर्थ बदलत नाही.

कोरा कागद

अर्थ बदलणारी आणखी एक: 'डिसइंटरेस्टेड' आणि 'अनइंटरेस्टेड'. मराठीत 'इंटरेस्ट'ला दोन शब्द आहेत, 'रस' आणि 'हितसंबंध'. रस नसलेला तो अनइंटरेस्टेड, हितसंबंध नसलेला तो डिसइंटरेस्टेड. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असावा, अनइंटरेस्टेड मात्र असू नये. बोलण्यात हा फरक पुष्कळ जण पाळत नाहीत, पण कायदेशीर मजकुरात पाळलाच पाहिजे असं माझं मत आहे.

आणि पटकन दोन: 'रॉब' माणसाला किंवा जागेला करतात, 'स्टील' वस्तू करतात. म्हणजे लुटणं आणि चोरणं. तसंच बोलणारा 'इम्प्लाय' करतो, ऐकणारा 'इन्फर' करतो. सुचवणं आणि अर्थ काढणं.

गोगलगाय

मी वहीत उतरवून घेते आहे सगळं. 'पर्यंत'वर एकदा परत येऊ का? 'शुक्रवारपर्यंत मी पाठवणार नाही' यात एकदाच होणारं काम आहे, तरी 'बाय' घातलं की विचित्र वाटतं. आणि 'तू येईपर्यंत' असेल तर काय करायचं?

पानगळ

फार नेमकं हेरलंत. वाक्य नकारार्थी झालं की 'न पाठवणं' ही चालू राहणारी स्थिती होते, म्हणून अंटिल: 'आय वोन्ट सेंड इट अंटिल फ्रायडे'. शुक्रवार उजाडला की ती स्थिती संपते. 'उशिरात उशिरा'ची चाचणी इथेही चालते, कारण 'उशिरात उशिरा शुक्रवारी पाठवणार नाही' असं कोणी म्हणत नाही.

'तू येईपर्यंत'ची दोन रूपं. 'तू येईपर्यंत मी वाचत बसेन' इथे वाचणं चालू राहतं, म्हणून 'अंटिल यू कम'. 'तू येईपर्यंत माझं पत्र लिहून झालं असेल' इथे काम आधीच उरकलेलं असेल, म्हणून 'बाय द टाइम यू कम'. आता एक तुम्ही करून बघा: 'पाऊस थांबेपर्यंत आम्ही आत उभे होतो' आणि 'पाऊस थांबेपर्यंत अंधार पडला होता'.

गोगलगाय

पहिल्यात उभं राहणं चालू आहे, म्हणून 'अंटिल द रेन स्टॉप्ड'. दुसऱ्यात अंधार आधीच पडून गेला, म्हणून 'बाय द टाइम द रेन स्टॉप्ड'. आणि 'पडून गेला'ला 'हॅड फॉलन', बरोबर?

पानगळ

दोन्ही बरोबर. 'हॅड फॉलन'सुद्धा.